अ‍ॅन आर्बरचं जर्मन

मुलीने युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये इंजिनिअरिंगबरोबर जर्मन घेतलं. पुण्याच्या मॅक्स म्युल्लर भवनात तरुणपणी दोन परीक्षा दिलेला मी. मला कोण आनंद! त्या उत्साहात तिथल्या जर्मन विभागाचा इतिहास वाचायला घेतला आणि हबकलोच.

मंडळी, हे विद्यापीठ मुळात जर्मन वळणाचं. १८५२ मध्ये अध्यक्ष झालेल्या हेन्री टॅपन यांनी प्रशियाच्या विद्यापीठांचा नमुना समोर ठेवून त्याची घडी बसवली. गावातही जर्मन वस्ती भरपूर. १९१५ च्या सुमारास तर अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये चारांतला जवळजवळ एक विद्यार्थी जर्मन शिकत होता.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. ऑक्टोबरात विद्यापीठाने जर्मनचे प्राध्यापक कार्ल एगर्ट यांना काढून टाकलं. पुढच्या वर्षी त्याच विभागातल्या आणखी काहींवर पाळी आली. देशनिष्ठेचा संशय, एवढं कारण पुरे होतं. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक जागी, टेलिफोनवर, अगदी चर्चमध्येसुद्धा इंग्रजीखेरीज बोलायला बंदी घातली. १९२२ पर्यंत हायस्कूलमध्ये जर्मन शिकणारे एक टक्काही उरले नाहीत!

नेब्रास्कात रॉबर्ट मायर नावाच्या शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. गडी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये जिंकला. चर्चच्या तळघरात आपली रविवारची मराठी शाळा भरते ती या मायरच्या जिवावर, असं मी म्हणतो. सौ. म्हणते, समोशांच्या जिवावर.

पुढे जर्मन सावरलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत जर्मन शिकणारे दोन लाखांवर होते. २०२१ मध्ये ते साधारण ५३,५०० उरले. २०१६ नंतरच्या पाच वर्षांतच एक तृतीयांश घटले. या खेपेला कुणी बंदी घातली नव्हती, कुणाच्या निष्ठेवर संशय घेतला नव्हता.

मुलीचं जर्मन दोन सेमिस्टरनंतर सुटलं. वेळापत्रकात बसत नाही, म्हणाली. मराठी शाळाही तिने सातवीत याच कारणाने सोडली होती. तेव्हा सॉकर होतं.