धावीर महाराजांची सशस्त्र सलामी

कुंडलिका नदीकाठच्या रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी नगरप्रदक्षिणेला निघते, तेव्हा पोलिसांची तुकडी तिला सशस्त्र मानवंदना देते. ही प्रथा ब्रिटिश अमदानीपासूनची. मुळात असा मान राजाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळे. परक्या सरकारच्या शिपायांनी तो गावच्या देवाला द्यावा, यात भक्तीइतकाच राज्यकारभाराचा धोरणीपणाही दिसतो.

सलामीची कवायत थोडक्यात आटोपते, पण तिच्यात चूक लपत नाही. रायफली घेतलेले शिपाई खाकी गणवेशात, बूट चकचकीत करून रांगेत उभे राहतात. ‘सावधान’नंतर ‘सलामी शस्त्र’ हा हुकूम सुटतो. रायफल शरीरासमोर उभी धरली जाते, नळी वर. डावा हात नळीखालच्या लाकडावर, उजवा दस्त्याच्या मानेशी. शेवटच्या ठेक्याला उजवा पाय डाव्या टाचेमागे आपटतो. सगळ्यांचा आवाज एकच यावा लागतो. एखादा बूट मागाहून वाजला तर गर्दीलाही कळते. ‘बाजू शस्त्र’ होताच रायफली खाली येतात.

1981मध्ये रोहा ज्यात येते त्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. मानवंदना मात्र चालूच राहिली. सलामीनंतर पालखी गावात शिरते आणि घरोघरच्या आरत्या घेत दुसऱ्या दिवशी देवळात परतते.