भिंतीचे गुण

आमच्या शाळेला लागून एक हॉल आहे. मधली भिंत पातळ होती. तिकडे लग्न असलं की इकडे चाचणी परीक्षा घेणं अवघड. दोन वर्षांपूर्वी जिप्सम बोर्डाची दुहेरी भिंत उभारली. माहितीपत्रकात आकडा होता एसटीसी 50. पाहुण्यांची बोलणी, माइकवरचे सत्कार, सगळं बंद झालं. डीजेची धडधड मात्र तशीच. मुलं बाकावर तळहात टेकवून ठेका मोजतात!

विक्रेता खोटं बोलला नव्हता. आकडाच तसा आहे, आणि तो तसा का, याला इतिहास आहे.

हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी 1895 मध्ये एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहापासून या अभ्यासाची सुरुवात केली. इलिनॉयमधल्या रिव्हरबँक इथली प्रयोगशाळा त्यांच्यासाठीच बांधली गेली, पण 1919 मध्ये त्यांचं निधन झालं आणि पॉल सॅबिन या त्यांच्या नातेवाइकाने काम पुढे नेलं. पद्धत सरळ होती. एका खोलीत आवाज करायचा, दुसरीत मोजायचा, मध्ये भिंत. पण प्रत्येक भिंत खर्जाचे सूर जास्त सोडते आणि टिपेचे अडवते. 1911 मध्ये जर्मनीत बर्गर यांनी वजनाचा नियम दाखवून दिला होता: भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबलची भर. सूर एक सप्तक खाली गेला की तितकीच घट.

मग एका भिंतीला एकच आकडा कसा द्यायचा? अमेरिकेत बरीच वर्षं वेगवेगळ्या सुरांवरच्या मापांची सरासरी काढत. आम्हा शिक्षकांना यातली गोम लगेच कळेल. गणितात नापास झालेला मुलगाही सरासरीने पास होतो. भिंतीचंही तेच, एखाद्या सुराला ती सपशेल उघडी असली तरी सरासरी चांगली.

1961 मध्ये एसटीसी आलं. 125 ते 4000 हर्ट्झमधले सोळा पट्टे घ्यायचे आणि भिंतीची मापं एका ठरीव वक्राशी ताडायची. सगळ्या पट्ट्यांतली तूट मिळून 32 डेसिबलपेक्षा जास्त नको, आणि कुठल्याही एका पट्ट्यात 8 पेक्षा जास्त नको. म्हणजे प्रत्येक विषयात पास होणं सक्तीचं. युरोपातल्या अशाच वक्रामागे तर विटेची भिंत होती. ब्रिटनमध्ये दोन घरांमधली नऊ इंची भिंत हीच मोजपट्टी धरली गेली.

पण एसटीसीने डोळ्यांसमोर ठेवला होता तो शेजाऱ्यांच्या बोलण्याचा आणि रेडिओचा आवाज. 125 हर्ट्झच्या खालचं काही त्यात धरतच नाहीत, आणि डीजेचा ठोका नेमका तिथे असतो. मराठीत कलकलाट, खडखडाट, दणदणाट हे वेगळे शब्द आहेत. या मोजपट्टीला फक्त कलकलाट ओळखता येत होता. (आमच्या उर्दूतही बहुतेक सगळं ‘शोर’मध्येच जातं, हे कबूल.)

पावलांच्या, बाक ओढण्याच्या आवाजासाठी वेगळं यंत्र आहे. पाच हातोड्या, प्रत्येकी 500 ग्रॅम, 40 मिलिमीटरवरून जमिनीवर पडतात, सेकंदाला एकूण दहा ठोके. मापं खालच्या खोलीत घेतात. रस्त्याच्या आणि विमानांच्या आवाजासाठी अमेरिकेने 1990 मध्ये ओआयटीसी आणलं, ते 80 हर्ट्झपर्यंत खाली उतरतं.

मला सर्वांत प्रामाणिक वाटते ती आयएसओची 1996 ची दुरुस्ती. मुख्य आकड्यापुढे कंसात दोन जोड. पहिला घरातल्या बोलण्या-खेळण्याच्या आवाजासाठी, दुसरा, सीटीआर, शहरी वाहतुकीसाठी. दुसऱ्याच्या यादीत डिस्को संगीतही लिहिलेलं आहे! समजा आकडा 52 (-2, -8) असेल, तर बोलण्यासाठी भिंत 50 ची आणि डीजेसाठी 44 ची. हलक्या बोर्डाच्या भिंतींना हा दुसरा जोड फार महागात पडतो, जाड विटेला तितका नाही. इंग्लंडने 2003 मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने 2004 मध्ये घरांमधल्या भिंतींसाठी सीटीआर धरूनच नियम केले.

आमच्या माहितीपत्रकात कंस नव्हता. मी विक्रेत्याला फोन करून सीटीआर विचारला. तो म्हणाला, "सर, हे आजवर कुणी विचारलंच नाही. कंपनीकडून मागवतो." अजून आलेला नाही. पुढच्या आठवड्यात घटक चाचणी आहे, आणि हॉलवर मांडव चढलाय.