ग्रंथपाल कशासाठी?

1924 साली एस. आर. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. त्याआधी ते कॉलेजात गणित शिकवायचे. ग्रंथालयातल्या शांततेला ते इतके कंटाळले की लगेच परत जायला निघाले. मग विद्यापीठाने त्यांना लंडनला शिकायला पाठवलं. तिथली गजबजलेली ग्रंथालयं त्यांनी पाहिली, आणि परतल्यावर वाचकांना थेट पुस्तकांच्या कपाटांपर्यंत येऊ दिलं. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपात मांडली. पुस्तकं वापरायसाठी असतात, हे पहिलं. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथं.

आज फोनवर कुठल्याच कपाटाला कुलूप नाही. पण एका प्रश्नाला हजार उत्तरं येतात आणि खरं कुठलं, हे शोधण्यात आपला वेळ जातो. तो वाचवणारं माणूस अजूनही हवंच आहे.