मुदतीचा दिवस आणि शेतकऱ्याची जमीन

जमिनीच्या जुन्या खतांत एक शर्त पुष्कळदा आढळते. ठरलेल्या मुदतीत रक्कम परत केल्यास जमीन परत द्यावी. न केल्यास हेच खत कायम खरेदी समजावे. मुंबई इलाख्यात या व्यवहारास ‘गहाण लहाण’ म्हणत. शब्द साधे, परिणाम भयंकर. जमिनीचे मोल कर्जाहून बरेच अधिक असले की कर्ज न फिटण्यातच सावकाराचा लाभ.

मुदत टळली म्हणून जमीन गेली काय? १८६४ मध्ये रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. व्यवहार मुळात गहाणाचा असेल, तर मुदतीनंतरही पैसे भरून जमीन सोडविता येईल. पुढे मद्रास इलाख्यातील एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने उलट कौल दिला : करारातील शब्दच प्रमाण. मुंबईने मात्र आपली वाट सोडली नाही. माझ्या मते ही त्या न्यायालयाची थोर कामगिरी होय.

तरीही न्यायालयापर्यंत पोहोचतो कोण? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खतेच जाळली. त्यांचा रोष माणसापेक्षा कागदावर अधिक होता, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. त्यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. कागदामागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचे काम त्याने न्यायाधीशांवर सोपविले. पुढे त्यात भर पडून, खरेदीखत दिसणारा कागद वस्तुतः गहाणाचा आहे हे तोंडी पुराव्यानेही दाखविण्याची मुभा शेतकऱ्यास मिळाली.

१९२९ ची दुरुस्ती मला खटकते. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तिने असे घातले की, परतीची शर्त त्याच खतात नसेल तर तो व्यवहार गहाण मानू नये. हेतू तंटे कमी करण्याचा होता, आणि तो अंशतः साधलाही. परंतु खरेदीखत एका कागदावर व परतीचा करार दुसऱ्यावर लिहिला, की गहाणदाराचे संरक्षण संपते. उरतो केवळ फेरखरेदीचा हक्क, आणि त्याची मुदत न्यायालये काटेकोर पाळतात. शर्त त्याच खतात असली तर ती गहाणाकडेच झुकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये चुनचुन झा विरुद्ध इबादत अली या खटल्यात सांगितले. पण कागद एक की दोन, हे अंगठा उठविणारा कधी ठरवीत असे? ते ठरवी पैसे देणारा.