दूध काढणी यंत्र व कॅनची स्वच्छता

मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीतील किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यांत हवा बहुतेक वर्षभर दमट असते. कॅनच्या खाचेत राहिलेल्या दुधात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि पुढच्या धारेचे सगळे दूध नासू शकते.

धुण्याचा क्रम

1. धार संपताच यंत्र, बादल्या व कॅन कोमट पाण्याने (35 ते 45 अंश सेल्सिअस) विसळा. थंड पाण्याने स्निग्धांश गोठतो, तर कढत पाण्याने प्रथिने भांड्याला चिकटतात.
2. मग 60 ते 70 अंश गरम पाण्यात दुग्धव्यवसायासाठीचे अल्कधर्मी डिटर्जंट लेबलवरील प्रमाणात मिसळा. लायनर, नळ्या व झाकणाची खाच ब्रशने घासा. हातमोजे वापरा. तारेची घासणी टाळा. चरे पडून तिथे जिवाणू राहतात.
3. स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा. डिटर्जंटचा अंश असलेले दूध भेसळीचे ठरते आणि संकलन केंद्रावर नाकारले जाते.
4. भांडी स्टँडवर पालथी ठेवून निथळू द्या.
5. पुढील धारेपूर्वी 10 लिटर पाण्यात 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइट 50 मिली मिसळून निर्जंतुक करा आणि पूर्ण निथळू द्या.

आठवड्यातून एकदा

बोअरवेलच्या जड पाण्यामुळे पांढरट थर (दुग्धखडा) साचतो. तो आम्लयुक्त क्लीनरने काढा.

सावधान : आम्ल आणि हायपोक्लोराइट कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. चिरलेले लायनर लगेच बदला, कारण भेगांतील घाण डिटर्जंटनेही निघत नाही.