‘दुभंगलेले मन’ : एका नावाचा इतिहास

आधुनिक कादंबरीच्या नायकाविषयी बोलताना आम्ही मराठीचे अध्यापक ‘छिन्नमनस्क’, ‘दुभंगलेला’ ही विशेषणे सहज वापरतो. आमच्यापैकी एकाच्या तासानंतर एक विद्यार्थिनी मागे थांबली. “सर, माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पण त्याच्यात दोन माणसं राहत नाहीत,” एवढेच ती म्हणाली. त्यानंतर या शब्दाचा इतिहास तपासणे आम्हांला भाग पडले.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली आपल्या पाठ्यग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, म्हणजे अकाली बुद्धिऱ्हास, हा आजार उन्माद-विषादाच्या आजारापासून वेगळा काढला. या नावातच रुग्णाचे भवितव्य ठरून गेले होते. स्वित्झर्लंडमधील ऑयगेन ब्लॉयलर यांचा अनुभव निराळा होता. सर्वच रुग्ण तरुणपणी आजारी पडत नाहीत आणि सर्वांची बुद्धी ढासळतही नाही, हे त्यांनी पाहिले होते. एप्रिल १९०८ मध्ये बर्लिन येथील व्याख्यानात त्यांनी ‘फाटणे’ आणि ‘मन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द सुचविला. १९११ च्या ग्रंथाच्या शीर्षकात त्यांनी तो अनेकवचनी योजला. त्यांच्या दृष्टीने हा आजारांचा समूह होता.

ब्लॉयलर यांना अभिप्रेत असलेली ‘फाट’ म्हणजे विचार, भावना आणि वर्तन यांची वीण उसवणे. एका देहात दोन व्यक्ती, हा अर्थ त्यात नव्हता. तो लोकसमजुतीने, चित्रपटांनी आणि आमच्यासारख्या समीक्षकांनी त्याला चिकटविला. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाल्यावर उपचारांचे चित्र पालटले. नावाची दहशत मात्र ओसरली नाही. जपानमध्ये ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचे नाव रूढ होते, आणि अनेक डॉक्टर ते रुग्णाला सांगायलाच कचरत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने आग्रह धरल्यावर २००२ साली ‘एकसंधतेचा बिघाड’ अशा आशयाचे नवे नाव आले आणि रुग्णाला निदान सांगण्याचे प्रमाण वाढले.

मराठीत सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने हा आजार घरात आणून दाखविला. तेथेही आजारी भावाला समजून घेऊ पाहणारी बहीणच आहे.

रूपकाशिवाय साहित्य नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपले रूपक हे कोणाच्या तरी घरातले निदान असते, याचे भान समीक्षेला हवे. ते विशेषण आम्ही आता फळ्यावर लिहीत नाही.