पाकीजाची शिल्लक

शिळ्या पोळीचा कुस्करा ताज्या पोळीपेक्षा चवदार लागतो, हे वऱ्हाडात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. रात्री उरलेल्या पोळ्या सकाळी कांदा-तिखट घालून फोडणीला टाकल्या की रात्री ज्यांना भूक नव्हती तेही ताटली घेऊन हजर होतात. ग्रामोफोन कंपन्यांनी नेमकी हीच पाककृती उचलली आहे. जुन्या सिनेमाच्या संगीताची तबकडी पुन्हा काढायची आणि त्या वेळी उरलेलं, कापलेलं, कपाटात पडलेलं सगळं तिच्यात घालायचं. हिला म्हणायचं विस्तारित आवृत्ती. ज्यानं पहिली तबकडी विकत घेतली तोच माणूस दुसरीही घेतो आणि वर आनंद मानतो. आमच्या बँकेत एकाच तारणावर दोनदा पैसे उचलले तर चौकशी लागते!

मुळात संगीत उरतं का, हा प्रश्न पुष्कळदा कलेचा नसून जागेचा असतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. पडद्यावर नायिका चार कडवी रडली तरी तबकडीवर तिला दोन-तीन कडव्यांत आटोपावं लागे. कव्वाली असली तर अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला. कव्वाल ऐन रंगात आला की त्याला थांबवायचं, तबकडी उलटायची, पिन बदलायची, चावी द्यायची आणि मग म्हणायचं, हं, चालू द्या. पुढे एलपी आली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं बसू लागली. पण तोवर कंपन्यांच्या हाताला काटकसरीचं वळण पडून गेलं होतं.

त्यात पार्श्वसंगीताचे हाल तर विचारूच नका. आपल्या सिनेमातलं पार्श्वसंगीत म्हणजे लग्नातला वाढपी. त्याच्यावाचून पंगत उठत नाही, पण फोटोत तो कुठेच नसतो. 'शोले' (१९७५) घ्या. गाण्यांची एलपी निघाली, आणि लोक गब्बरच्या बोलण्यावर खूश आहेत असं दिसल्यावर नुसत्या संवादांचीही निघाली. आमच्या लहानपणी गणपतीत आरती संपली की लाउडस्पीकरवर गब्बर बोलायला लागायचा. गाण्यांच्या एलपीवर एक कव्वाली होती. किशोरकुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि खुद्द कवी आनंद बक्षी, असे चौघे तिच्यात गायले होते. सिनेमात मात्र ती कव्वाली औषधालाही नाही. म्हणजे सिनेमात नसलेलं तबकडीवर, आणि सिनेमाभर वाजलेलं बरंचसं हवेत! आमच्या लेजरात असं झालं असतं तर ऑडिटर मुक्कामाला आला असता.

अमेरिकेत अडचण निराळी. सिनेमासाठी वाजवलेलं तबकडीवर आणायचं तर तिथे वादकांना वेगळा मोबदला द्यावा लागे. मिनिटं वाढली की बिल वाढलं. त्यामुळे दीड-दोन तासांच्या सिनेमाच्या संगीताची तबकडी पुष्कळदा अर्ध्या तासात संपायची. ओव्हरटाइमचा हिशेब जगात सगळीकडे सारखाच! मग काही वर्षांनी हौशी मंडळींसाठी उरलेलं बाहेर येऊ लागलं. 'स्टार वॉर्स'चं संगीत १९७७ साली दोन एलपींवर आलं होतं, तरी १९९७ साली ते आणखी विस्तारून निघालं. त्यात शीर्षकसंगीताचे नापंत झालेले प्रयत्नसुद्धा होते.

पण यासाठी अमेरिकेला जायचं कारण नाही. मला हा प्रकार कळला तो अकोल्याला, जठारपेठेत, आमच्या मामेसासऱ्यांच्या घरी. मामांनी एका जिनिंग फॅक्टरीत हिशेब लिहिण्यात जन्म काढला. कापसाच्या सीझनमध्ये जे पैसे मिळाले त्यातून त्यांनी तबकड्या घेतल्या. मी अमरावतीहून गेलो की ते चहाच्या आधी विचारतात, "जावईबापू, पाकीजाचा हिशेब मांडू काय?"

हा हिशेब ऐकण्यासारखा आहे. कमाल अमरोहींनी 'पाकीजा'चा घाट घातला १९५६ च्या सुमारास आणि सिनेमा लागला १९७२ च्या फेब्रुवारीत. एवढ्या काळात आमच्या बँकेत माणूस शिपायाचा हेडकॅशियर होतो. संगीत दिलं गुलाम मोहम्मद यांनी. हा तबला-ढोलकीवरचा पक्का माणूस, कित्येक वर्षं नौशादांचा सहाय्यक. त्यांनी 'पाकीजा'साठी पंधरा गाणी बांधली. त्यांतली सहा सिनेमात गेली. पण तीही पडद्यावर पाहायला ते राहिले नाहीत. १९६८ च्या मार्चमध्येच गेले. पार्श्वसंगीताचं राहिलेलं काम नौशादांनी पुरं केलं. राजकुमारी, वाणी जयराम, परवीन सुलताना यांचे जे सूर सिनेमात मागून येतात, ते त्यांचं काम.

सिनेमा लागला आणि दोन महिन्यांच्या आत मीनाकुमारी गेली. गाणी गल्लोगल्ली वाजत होती. तरीही १९७३ च्या फिल्मफेअर सोहळ्यात संगीताचं पारितोषिक 'बेईमान'ला गेलं. त्याच 'बेईमान'साठी सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक प्राण यांना मिळालं होतं. संगीताचा मान गुलाम मोहम्मदांचा होता, असं म्हणून त्यांनी आपलं पारितोषिक नाकारलं. जन्मभर पडद्यावर बदमाशी केलेला हा माणूस! मेलेल्या माणसासाठी स्वतःचं इन्क्रिमेंट परत करणारा सज्जन आमच्या खात्यात मी तरी अजून पाहिलेला नाही.

"पंधरा वजा सहा," मामा बोटं मिटतात. "शिल्लक किती?"

"नऊ."

"बराब्बर." मग ते कपाटातून 'पाकीजा रंग बरंग' ही एलपी काढतात. एचएमव्हीनं (२००० सालापासून जिचं नाव सारेगामा आहे ती कंपनी) १९७७ साली ही उरलेली नऊ गाणी बाहेर काढली. लताबाई आहेतच, पण रफी आहेत, शमशाद बेगम आहेत, आपल्या सुमन कल्याणपूर आणि शोभा गुर्टू आहेत. एवढी मंडळी गाऊन गेली आणि सिनेमा पाहणाऱ्याला त्यांचा पत्ताच नाही.

मामींचा या सगळ्यावर आक्षेप आहे आणि तो कायद्याला धरून आहे. "पिच्चरमंधी नाई घेतली त्या अर्थी काई कारन असन ना? मी निवडल्या डायीतले खडे पुन्हा वरनात टाकते काय?"

यावर मामा शांतपणे म्हणाले, "अवो, थे खडे नाईत. डायच हाये. पातेलं लहान पडलं."

दोघांचंही खरं आहे. विस्तारित आवृत्तीच्या नावाखाली खडेही खपतात. मीही ते पैसे देऊन चावले आहेत. पण 'रंग बरंग' ऐकताना मला आमच्या बेवारस ठेवी आठवतात. दहा वर्षं ज्या ठेवीकडे कुणी फिरकत नाही, ती २०१४ सालापासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. तिथे गेली म्हणजे बुडाली नव्हे. वारस कागद घेऊन आला की बँक त्याला पैसे देते. अशा वेळी माझ्या काउंटरवर कधी कधी एखादी बाई उभी असते. वडिलांनी तिच्या नावानं दोनशे रुपये ठेवले होते हे तिला त्याच दिवशी कळलेलं असतं. आकडा बघून ती हसते आणि मग डोळ्याला पदर लावते. आकडा काय, तो माणूस गेल्यावरही काही देऊन जातो आहे याचं अप्रूप असतं.

गुलाम मोहम्मदांची ठेव मालकामागं नऊ वर्षं पडून होती. बँकेच्या नियमानं दहा भरायला एक वर्ष कमी. वारस कोण म्हणाल तर ज्याच्याकडे तबकडी आणि ऐकायला दुपार आहे तो.

गेल्या खेपेला सुमन कल्याणपूर गात होत्या. स्वयंपाकघरातला मिक्सर मध्येच थांबला. मामी हात पुसत दारात आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "हे कायले कापलं असन हो?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी सुई उचलून पुन्हा त्याच गाण्यावर ठेवली.

त्या दिवशी वरण खाली लागलं होतं. कुणी तक्रार केली नाही.